टायब्रेकचा चहा

"भाऊ, विका! अहो तो 'हो' विका, सेट चालला हातातून!"

कंपनीच्या बसच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून मी बोंबलत होतो. आवाज असा लागला होता, की त्या दिवशी चाकणमध्ये शिफ्टचा भोंगा कुणाला ऐकूच आला नाही. तळवड्याच्या चौकात बस अर्धा तास अडकलेली. पलीकडच्या टपरीवर भाऊ निवांत उभे. उत्तर आलं ते टपरीवाल्याचं, "विकतोच आहे की राव, पहाटे पाचपासून!"

भाऊ म्हणजे आमच्या, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या, प्रेस शॉपचे सेटर. मूळ मारुंजीचे. तीस वर्षं वाकून मशिनवर डाय, म्हणजे लोखंडी साचे, बसवले, त्यात कंबर कामातून गेली. टेनिसची रॅकेट त्यांनी पाहिली होती ती फक्त डास मारायची. पण तेव्हा मोबाईलवर ते अंदाजांचं ॲप आलं होतं. अमुक खेळाडू दुसरा सेट जिंकेल का? 'हो' घ्या नाहीतर 'नाही' घ्या. खेळ पुढं सरकेल तसा भाव हलायचा, आणि सेट संपेपर्यंत घेतलेलं विकताही यायचं. अख्खी बस मॅचवर लावायची, भाऊ मात्र फक्त सेटवर.

"सेट म्हनल्यावर आपलंच खातं की रं," ते म्हणायचे. नियमही शॉपमधलाच. पहिला पीस ओके, तर लॉट ओके. पहिला गेम जिंकेल त्याच्या नावानं 'हो' घ्यायचा आणि डोळे मिटायचे. असे सलग एकोणीस सेट आले. मी सांगताना तेवीस सांगतो.

त्यावर बसनं ठराव केला. भाऊ हरत नाहीत तोवर ड्रायव्हरमागची पहिली सीट त्यांची. हरले, की ज्यानं त्यांच्याविरुद्ध 'नाही' घेतला असेल त्याची, आणि भाऊ शेवटच्या सीटवर. त्या शेवटच्या सीटवर खड्डा आला की माणूस छताला टेकून, वर्तमानपत्राचं एक पान वाचून मगच खाली यायचा. भाऊंच्या कमरेला पहिल्या सीटशिवाय इलाज नव्हता. मला ती उगाच हवी होती. खिडकी मोठी होती, बस.

जानेवारीतली सकाळ, मॅच ऑस्ट्रेलियात, आणि भाऊंविरुद्ध 'नाही' घेतलेला मी. भाऊंचा गडी पाच-दोन पुढं होता, तो घसरून सहा-सहावर आला. स्क्रीनवर 'टायब्रेक' झळकलं. भाऊंनी चष्मा वर केला, तेवढंच इंग्रजी वाचलं आणि फोन खिशात घातला.

"टी-ब्रेक झाला. गेली दोगंबी चहाला. चला, आपन बी घिऊ."

बस हसली नाही, कारण ऐकलं फक्त मी. टायब्रेक म्हणजे सेटचा निकालच, हे मला पक्कं ठाऊक होतं. 'हो'ला अजून अर्धा भाव होता. विकला असता तर सेट हरलेला धरलाच नसता, सीट वाचली असती. मी तीन पॉइंट गप्प बसलो. तिन्ही भाऊंच्या गड्याविरुद्ध गेले. मग मात्र मला ती शेवटची सीट दिसली, तिच्यावर भाऊ दिसले, आणि मी खिडकीतून बोंबललो. तोवर 'हो' कुणी फुकटही घेत नव्हतं. सेट गेला.

भाऊ आले, फोन बघितला, डबा उचलला आणि मागं गेले. मी "बसा हो पुढं, मस्करी होती" म्हणत राहिलो. चाकणपर्यंत प्रत्येक खड्डा मी पुढं बसून मोजला.

आता ते ॲप बंद झालं, भाऊ रिटायर झाले. बसमध्ये जो तो कानात इअरफोनची बोंडं घालून झोपतो. पहिली सीट रिकामी असली तरी कुणी भांडत नाही. परवा मारुंजीत त्यांच्या दारात बसलो असताना मी सांगून टाकलं, "भाऊ, त्या दिवशी मला माहीत होतं. मी मुद्दाम उशिरा ओरडलो."

भाऊंनी पाय लांब केले, कमरेमागची उशी सारखी केली.

"व्हय, ठाव हाय," म्हणाले. "त्या दिशी चहा बी थंडच व्हता."