आग्या मण्यारीची मादी

"घाई साप करत नाई, आपून काऊन करायची?" साप धरणाऱ्या इसरूभाऊंचं हे बोलणं आलापल्लीच्या आसपास सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. घरात मण्यार निघाली की लोक काठी शोधत, आणि इसरूभाऊ आधी उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत.

१९८४च्या मार्चात कमला त्यांना शोधत आली. भद्रावतीच्या एका कामगाराची ही लेक, हैदराबादच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिला रक्त तपासायला काळ्यापिवळ्या पट्ट्यांची आग्या मण्यार हवी होती, तीही मादीच. दोघा गारुड्यांनी तिला नर आणून दिले होते. इसरूभाऊंनी आठव्या दिवशी पानांच्या ढिगाखालून एक धरली, शेपटीच्या मुळाशी बोट फिरवलं.

"मादी हाये, बाई. अन् अंड्यावर हाये. हिच्या रक्तात काय पाह्यतेस?"

कमलानं विश्रामगृहाच्या ओसरीवर बसून सांगितलं, "भाऊ, जिवाची सगळी घडण चार अक्षरांत लिहिलेली असते. हिच्यात एकच छोटा तुकडा हजारो वेळा परत परत येतो. पुष्कळ जण त्याला कचरा म्हणतात. मला वाटतं, आजूबाजूच्या जनुकांनी कधी बोलायचं नि कधी गप्प राहायचं, हे असे तुकडे ठरवतात. अशा ठिकाणी बारीक रासायनिक खुणा दाट बसल्या की तेवढा भाग मिटून जातो."

इसरूभाऊ तरुणपणी दंडारीत नाचलेले. "आमच्या गाण्यात धुरपद शंभरदा येते. थे बंद पडलं का नाचणाऱ्याले कवा वळाचं समजत नाई. त्याले कचरा म्हणणारा तुहा साहेब कदी नाचलाच नसंल."

कमला खळखळून हसली. तिनं रक्त घेतलं, कुपी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि मादी टोपलीत परत गेल्यावर म्हणाली,

"रक्तात हा भाग मिटलेलाच दिसतो, भाऊ. तो अंडाशयात उघडतो, हे मला पाहायचंय. हिला मारावं लागेल. नाहीतर माझं तीन वर्षांचं काम इथंच थांबेल."

इसरूभाऊंचा हात टोपलीच्या झाकणावरून हलला नाही.

"रक्त घेतो म्हणालीस, म्हणून धरली. मारतो म्हणाली असतीस तर मी उठलोच नसतो."

"मग दुसरी कुठून आणू?"

"लोक मारतेच ना! आता बाया मोहफुलं वेचाले झाडाखालचा पाला पेटवतेत, मण्यार निघते अन् मरते. मी गावोगाव सांगतो, मारली का लगेच कळवा. तुहा बर्फाचा डब्बा दे."

"बर्फात उशिरा ठेवली तर पेशी मरतात, भाऊ. पण या वयात गावोगाव फिरणार?"

"माहे गुडघे मोजाले आली का हैदराबादहून?"

त्यांनी आधी मादीला नाल्याकाठच्या बांबूत सोडलं. मग पंधरा गावं पायी पालथी घातली. नवव्या दिवशी सकाळी लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून ते उतरले. डब्यात तासाभरापूर्वी मारलेली मादी होती, आणि त्यांचे तळपाय फोडांनी भरलेले. कमलानं तिथंच अंडाशय काढून द्रावणात ठेवलं. त्यात अंडी होती. तिचं काम थांबणार नव्हतं.

"भाऊ, बसा, चहा ठेवलाय."

"तू तुहं पाह्य. पेशी मरतीन म्हणालीस ना?"

अन् ते लंगडत सागाच्या रस्त्यानं निघाले. ओल्या हातांनी कमला दारात उभी राहून पाहत होती. तिच्या मागं चहाची कपबशी धरून विश्रामगृहाची स्वयंपाकीण रुखमा.