ठोक्यासाठी सोडलेली जागा

आमच्या बाबांना ढोलकीवर गाता यायचं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर उभे राहिले की मात्र असे गायचे की ज्याचं नाव ते! एक ओळ म्हणायची, पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, धाड्! मग पुढची ओळ. सगळी हयात त्या ठोक्यावर गायले, म्हणून दर ओळीनंतर थांबायची खोडच जडली. चौदा एप्रिलला जयंतीच्या मंडपात ढोलकीवाला वैतागायचा, "काका, मध्येच कुठे जाता हो तुम्ही?"

नव्वदनंतर कारखान्याला कुलूप लागणार हे पक्कं झालं. मशिनी भंगारात जाणार होत्या. बाबा पुढच्या पोटापाण्याचं फारसं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझी मशीन एकदा जयंतीला वाजली पायजे."

हे ऐकून माझा दोस्त पेटला. हा सिंधी, उल्हासनगरला टेपरेकॉर्डर रिपेअर करायचा. "काका, रिमिक्स बनाते हैं ना!" त्या दिवसांत जो उठे तो जुन्या गाण्यांचं रिमिक्स करत सुटला होता. पण मशीनचं रिमिक्स? मी म्हटलं, येडा झालास काय! तर बाबाच माझ्यावर डाफरले, "तू गप रे."

बाबांनी डब्याच्या पिशवीतून टेपरेकॉर्डर आत नेला आणि प्रेसचा आवाज भरून आणला. घरी लावला तर आई म्हणाली, "दिवसभर तिकडे ऐकता ते पुरत नाही का? इथं पण भांडी थरथरायला लागली." दोस्तानं ती टेप ब्लेडनं कापली, टोकं चिकटपट्टीनं जोडून गोल केली आणि रिकाम्या बाटलीभोवती फिरवत ठेवली. तोच ठोका परत परत. चार-चारदा तुटली, मेली. शेवटी ठोक्यांची एक कॅसेट तयार झाली. ती वॉकमनमध्ये घालून बाबांच्या कानाला लावली आणि त्यांचं स्वतः रचलेलं गाणं नुसत्या आवाजात भरून घेतलं. गाताना त्यांचा उजवा पाय पेडल दाबत होता. मग दोन टेपरेकॉर्डर एकदम चालवून तिसऱ्यावर गाणं आणि ठोका एकत्र केला. काय वाजलं, आईशप्पथ! बाबांनी डोळे मिटूनच ऐकलं.

कॉपी काढायला दोस्ताच्या चाचाच्या दुकानात ठोक्यांची, नुसत्या आवाजाची आणि एकत्र केलेली अशा तिन्ही कॅसेटी एकाच पिशवीतून दिल्या. तिथंच माती खाल्ली.

जयंतीच्या दिवशी मंडपातल्या लाउडस्पीकरवर गाणं लागलं. बाबांची एक ओळ. मग शांतता. दुसरी ओळ. पुन्हा शांतता. मशीन कुठंच नाही! दोस्ताचा चेहरा पडला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाबा मान खाली घालून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिसऱ्या ओळीनंतर मागून आवाज आला, धाड्! बाबांच्या खात्यातले लोक मागे बसले होते, त्यातल्या एकानं लोखंडी खुर्चीवर थाप मारली होती. पुढच्या ओळीनंतर त्या सगळ्यांनी मारली. अगदी जागेवर. मग कडव्यामागून कडवं तसंच चाललं. बाबा हसत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नंतर आम्ही चाचाला गाठलं. चाचाच्या दुकानाची रीतच होती, गिऱ्हाइकाचा माल खरखर काढून साफ द्यायचा. "अरे, उसमें तो मशीन का आवाज़ आ रहा था! मैंने साफ वाला चढ़ा दिया." आणि बाकीच्या दोन कॅसेटी? "खराब माल रख के क्या करूँ? उन पे दूसरे गाने भर दिए." मी तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा कळवळून म्हणाला, "साफ माल दिया, फिर भी चिल्लाता है?" तोवर कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं होतं, आणि मशीन ट्रकवर चढून गेली होती.

आता बाबाही नाहीत. ती साफ कॅसेट तेवढी आहे. परवा लावली तर मुलीनं विचारलं, "आजोबा मध्येच का थांबतात?"  ओळ संपली तसा मी टेबलावर हात आपटला. लगेच बाबांनी पुढची ओळ उचलली.