पाणक्याचं ओलं फडकं

हाताला एकदा सवय जडली की ती माणसाबरोबर घरी येते, त्याच्या ताटाशी बसते, त्याच्या अंथरुणात निजते. पाणक्याचं तसंच झालं. बांधकामावर सगळे त्याला पाणक्याच म्हणत. बावीस वर्षं एकच काम: नव्या स्लॅबवर बुटकी आळी करून पाणी भरायचं, खांबांना गोणपाट गुंडाळून ते भिजतं ठेवायचं. साहेब त्याला क्युअरिंग म्हणत, म्हणून तोही म्हणे. सिमेंट तहानलं की तडकतं, एवढं त्याला पुरत होतं.

बायको स्टुलावरून पडली आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. पाणक्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. दारापासून कॉटपर्यंत, कॉटपासून दारापर्यंत.

"अहो, बसा जरा. पाय माझा मोडलाय आणि चालताय तुम्ही."

तो बसला, उठला. प्लास्टरवर बोटाने टकटक केली. आवाज कोरडा ठणठणीत आला.

"हे पार सुकलंय गं. याला कुणी पाणीच मारलं नाही."

"डॉक्टर काही बोलले नाहीत तसं."

"ते कशाला बोलतील? थापलं आणि मोकळे झाले. गवंडीसुद्धा तसेच."

"तुम्हाला कळतं ना पण यातलं?"

"बावीस वर्षं दुसरं काय केलं?"

तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्याने स्वच्छ फडकं भिजवून प्लास्टरभोवती गुंडाळलं. तेवढा वेळ त्याच्या जिवाला जरा थारा मिळे.

चौथ्या दिवशी मुलगी आली. ती नर्सिंग शिकत होती. तिने फडकं उचललं, प्लास्टर दाबलं. भिजल्या पुठ्ठ्यात जावं तसं बोट आत गेलं.

"बाबा, काय केलंत हे?"

"क्युअरिंग," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याचा आवाज खाली आला.

दवाखान्यात फोटो काढला. हाड तसूभर सरकलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा बसवलं, नवं प्लास्टर घातलं. आता सरकलं तर चिरफाड करावी लागेल, म्हणाले. पाणक्या बाहेरच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. हात पुन्हा काही करून बसतील, याची त्याला धास्ती होती. मुलगी शेजारी टेकली.

"तुमचा तो क्युअरिंग शब्द फार जुना आहे, बाबा. लॅटिनमधला. आम्हाला शिकवताना सांगितलं. मुळात त्याचा अर्थ काळजी. बरं करणं हा अर्थ मागून आला, तुमचं सिमेंट तर त्याच्याही कितीतरी मागून."

"पाणी कुठेच नाही त्यात?"

"कुठेच नाही."

"मग काळजी तर मी करतोच आहे की. झोप उडालीय माझी."

"करून झाली. आता घ्या."

तिने त्याला आत नेलं, त्याचा हात धरून आईच्या पायाच्या बोटांवर ठेवला. प्लास्टरबाहेर तेवढीच उरली होती.

"दर तासाला ही बघायची. ऊब आहे का, हलतात का. नख दाबून सोडलं की लाली परत येते का. गार लागली, निळी दिसली, तर धावत इथे. बाकी काही करायचं नाही."

"बाकी काहीच नाही?"

"काहीच नाही."

बावीस वर्षांत एवढं अवघड काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने पाण्याची बादली उचलून मोरीत ठेवली आणि मोरीचं दार लावून घेतलं. घड्याळ कॉटसमोर मांडलं. दारापर्यंत गेला, परत आला. वाकून अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. पांढरेपणा ओसरला, लाली हळूहळू भरून आली.

"तास व्हायला अजून वीस मिनिटं आहेत," बायको डोळे न उघडता म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि पुढच्या बोटाकडे सरकला.