बोगद्याच्या तोंडाचा उजेड

गेर्लिंडा त्सीग्नर कंटाळली होती. कशाला म्हणून विचाराल, तर उजेडालाच. थुरिंगियातल्या त्या छोट्या गावच्या प्रयोगशाळेत फोटोंतला उजेड मोजण्यात तिची हयात गेली. फोटो म्हणजे लबाडाघरचं आवतण. कॅमेरा मनाला येईल तसं उजळ करून दाखवतो. म्हणून फोटोतल्या ठिपक्याचा आकडा घ्यायचा, ज्या भिंगातून फोटो काढला त्याच्या गुणकाने गुणायचा, तेव्हा कुठे डोळ्यांपर्यंत खरोखर किती उजेड येत होता ते कळतं. आकडे हिचे, सही साहेबांची.

यंदा काम आलं ते कोर्टाचं. पावाची गाडी चालवणाऱ्या रॉनीने भर दुपारी बोगद्यात शिरताना एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला उडवलं. म्हातारा वाचला, पण पाय गेला. बाहेरच्या उन्हाच्या मानाने बोगद्याचं तोंड फारच काळोखं असेल तर दोष दिव्यांचा. नसेल तर रॉनीचा, म्हणजे परवाना गेला आणि नोकरीही. हा रॉनी म्हणजे गेर्लिंडाच्या बालमैत्रिणीचा, रोस्वीताचा एकुलता एक.

गुणाकार झाला, बोगदा काळोखा निघाला. खाटकाच्या दुकानात रांगेत रोस्वीता दिसली आणि गेर्लिंडाला राहवलं नाही. "सुटला गं तुझा पोरगा," ती कानाशी लागून म्हणाली. त्या गावात वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आदल्या दिवशी कुणी देत नाही, अपशकुन म्हणतात. बाईला एवढंही भान राहू नये!

अहवाल पाठवण्याआधी तिने नेहमीसारखं, फोटो काढताना बोगद्यापाशी उजेडाच्या मीटरवर घेतलेलं एका जागेचं माप फोटोच्या उत्तराशी ताडून पाहिलं. जुळेना. बाहेरचा रस्ता रुंद भिंगातून टिपला होता, बोगद्याचं तोंड लांबचं जवळ दाखवणाऱ्या भिंगातून. गुणक मात्र दोन्हीकडे रुंद भिंगाचाच लागला होता. लांबचं भिंग उजेड कमी आत घेतं, त्याचा गुणक मोठा. नीट गुणल्यावर बोगदा चांगला उजळ निघाला. म्हणजे दोष रॉनीचाच.

नेमकी तेव्हाच रोस्वीता प्लमचा केक घेऊन दारात.

"अगं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस?"

"बस आधी. माझं चुकलं. एका भिंगाचा गुणक दुसऱ्याला लावला मी. बोगद्यात उजेड होता, रोस्वीता. म्हातारा दिसायला हवा होता त्याला."

"पुन्हा बघायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मग राहू दे की तसंच! साहेब डोळे मिटून सही करतो, तूच सांगतेस ना?"

"नाही गं जमायचं मला."

आता ही भांडणार, केक उचलून चालती होणार, असं गेर्लिंडाला वाटलं. रोस्वीता मात्र केक टेबलावर ठेवून बसली.

"अपघात झाला त्याच संध्याकाळी रॉनी मला म्हणाला होता, 'आई, दिसला होता गं तो मला. घाईत होतो.' मीच म्हटलं, गप्प बस, पुन्हा हे तोंडातून काढू नकोस."

गेर्लिंडाला राग यायला हवा होता. आला नाही, नुसता शीण आला. रोस्वीताने सुरी मागितली, केक कापला आणि एक तुकडा तिच्यापुढे सरकवला.

"खा. साखर कमी पडलीय जरा."