देठ असलेलं फुलपाखरू

दोन हजार अकरा साली मी सत्तर वर्षांचा होतो. जन्म पत्रावळी लावण्यात गेला. डोळे बांधून पान हातात दिलं तरी झाड सांगायचो. त्या दुपारी अंगणातल्या आंब्याच्या खोडावर वाळकं पान दिसलं. मधे शीर, टोकाला देठ, बुरशीचे ठिपकेसुद्धा.

सून म्हणाली, "मामंजी, हात नका लावू. फुलपाखरू आहे ते. फुंकर घाला, उडेल."

पत्रावळी लावायला बसलेले शेजारी हसले. मी म्हणालो, "दोन बुकं शिकलीस म्हणून मला पान शिकवतेस व्हय?" आणि चिमटीत धरून चुरगाळलं.

ते चुरचुरलं नाही, मऊ लागलं. चिमूट उघडली तर आत निळे पंख, त्यांवर तिरका नारिंगी पट्टा, आणि पाय अजून हलत होते. सून घरात गेली. इतकी पानं ओळखली, पण जीव हातात आला तरी कळला नाही. अंगठ्यावरची निळी भुकटी मी हळूच धोतराला पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शेजाऱ्यांसमोर मी प्रत्येक पान उचलण्याआधी फुंकर घातली.

"हे काय नवीन, आबा?"

"सुनेनं शिकवलंय," मी म्हणालो, घरात तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.