कोहळा कुणी फोडायचा

"म्हंजे ह्या खंडेनवमीला कोहळा तू न्हाय फोडणार?"

"न्हाय गं आई. निवेदिता फोडणार. मुख्य कोच ती हाय."

"आणि तू काय करायचंस?"

"आत कुंकू भरायचं."

"सरी, बरं. भर. निदान हात तरी रंगतील," रत्नाबाई म्हणाली आणि डोशाचं पीठ ढवळायला लागली.

दिव्यश्रीनं बुटात पाय कोंबले. कानडी मुलखातल्या येलहंक्याचं हे घर पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आलेलं, पण त्यातल्या पोरीनं फुटबॉल खेळावा हे कुणी ऐकलं न्हवतं. ती खेळली. गुडघा गेला तशी कॉलेजच्या मुलींच्या संघाला सहायक कोच म्हणून लागली. सहायक म्हणजे चेंडूत हवा भरायची, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, गोलकीपरच्या अंगावर चेंडू मारमारून तिला झेपा घ्यायला शिकवायचं, आणि हरल्यावर बसमध्ये रडणाऱ्या पोरीशेजारी बसायचं. मुख्य कोच आले, गेले. ही राहिली. कोचच्या लायसन्सच्या परीक्षेला दोनदा बसली, दोनदा आपटली.

निवेदिता बसवनगुडीची, तीही मराठी घरातलीच. झेप घ्यायला हिच्याच हाताखाली शिकलेली. पहिल्या दणक्यात लायसन्स काढून ती त्याच मैदानावर मुख्य कोच होऊन आली. तेही दिव्यश्रीनं गिळलं असतं. पण बयेनं येताच संघाची मांडणी बदलली, आणि जे कॉलेज आजवर कधी हाताला लागलं न्हवतं, त्याला पोरींनी लोळवलं. दिव्यश्रीनं हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. पोटात मात्र कुणी मिरच्या वाटत होतं. मांडणी बरोबर आहे, हे तिला खेळ सुरू झाल्या झाल्याच उमगलं होतं. तेच तर जळत होतं.

तिच्या वाट्याला उरला होता एक कोहळा. आयुधपूजेला जाळी, चेंडू, पंप सगळ्यांना कुंकू लागलं, की गोलपुढं कोहळा ओवाळून फोडायचा. कपडे बरबटतात म्हणून आधीच्या कुठल्या साहेबानं ते काम मागितलं न्हवतं. ते हिचं होतं. यंदा प्रिन्सिपॉलबाईंना वाटलं, मान मुख्य कोचचा.

मैदानावर पोरी नटून जमल्या होत्या. दिव्यश्रीनं कोहळ्याला भोक पाडलं, कुंकू भरलं, वर कापूर ठेवला. निवेदितानं तो ओवाळला आणि नेमकी गोलपुढच्या मऊ मातीत जाऊन उभी राहिली. आठवडाभर पाऊस. माती लोण्यासारखी. तिथं कोहळा फुटत नाही. गोलच्या खांबाच्या बुडाशी काँक्रीट आहे, त्यावर आपटावा लागतो. दिव्यश्रीच्या जिभेवर शब्द आला. तिनं तो दाताखाली धरला.

निवेदितानं दोन्ही हातांनी आपटला. धप्प. कोहळा घरंगळला आणि गोलात जाऊन थांबला.

"गोल," कुणीतरी मागून म्हणालं, आणि पोरी फिदीफिदी हसल्या. चंदना, त्यांची गोलकीपर, तेवढी हसली नाही. चार दिवसांवर फायनल आणि हा असला अपशकुन. प्रिन्सिपॉलबाईंचा चेहरा उतरला. दिव्यश्रीच्या पोटात गार ताक पडल्यासारखं झालं.

निवेदिता कोहळा उचलून थेट तिच्याकडं आली. बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत बोलली.

"अक्का, तुम्हाला ठाऊक होतं न्हवे?"

"होतं."

"मग सांगायचं न्हवे?"

"इचारायचं न्हवं?"

निवेदितानं कोहळा पुढं केला. "चुकलं. घ्या, तुम्हीच फोडा."

पुढं आलेला कोहळा दिव्यश्रीनं बघितला. हवा होता तो हाच. पण असा, कुणाच्या हातून उरलेला, नको होता. तिनं चंदनाकडं पाहिलं. पोरगी ओठ चावत उभी होती.

"मुख्य कोच तू. तूच फोड. खांबाच्या बुडाला, काँक्रीटवर. आणि भिऊ नको, हाणायचं म्हंजे हाणायचं."

निवेदितानं हाणला. कोहळा फाटकन फुटला, कुंकवाचे शिंतोडे दिव्यश्रीच्या पांढऱ्या ट्रॅकसूटवर गळ्यापर्यंत उडाले. पोरींनी टाळ्या पिटल्या, निवेदिताच्या गळ्यात पडल्या. दिव्यश्रीकडं कुणी बघितलं नाही.

सगळे चिरमुरे खायला पांगले. गोलच्या तोंडाशी कोहळ्याचा बुळबुळीत गर पसरला होता, फोडी पार मधोमध आल्या होत्या. उद्या पहाटे चंदना तिथंच झेपा घेणार.

दिव्यश्रीनं बादली आणली, दुखरा गुडघा लांबवून खाली बसली आणि फोडी वेचायला लागली.