न्हाणीतली दाराची टाकी

अगो, जवळ ये जरा. ओले केस घेऊन पंख्याखाली बसतात का? दोन पोरांची आई झालीस, तरी डोकं कोरडं करायला तुला कोणीतरी सांगायला लागतं. घे हा पंचा. आणि तिकडून बोलू नको, मला कमी ऐकू येतं. मी नुसती मान हलवीन आणि मग तू म्हणशील, मामीला काय कळत नाही.

मघाशी न्हाणीतून बाहेर येऊन तू विचारलंस, मामी, ही टाकी कसली, हिला दार कशाला? मामा आजारी होते तेव्हा तू सुरतेला. तुला सांगणार कोण? तुझी आई पोलादपुरात तुझ्याजवळ असून सांगणार नाही. म्हणून मी सांगते. थोडं कोरडं वाटेल, वाटू दे. मापं मला अजून इंचात आठवतात. पण तेव्हा आत काय वाटत होतं ते विचारशील तर सांगता येणार नाही. बहुतेक काहीच वाटत नव्हतं.

तुझे मामा फायबरच्या टाक्या करायचे ते तुला माहीतच आहे. एमआयडीसीच्या अलीकडे आपली पत्र्याची शेड होती. ॲसिड लोखंडाला खातं, म्हणून कंपन्यांना फायबरची टाकी लागते. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिनचा चिकट द्रव लावायचा, रोलर फिरवायचा, सुकलं की पुन्हा चटई. मीही जायची शेडवर. सातवी शिकून लग्न झालेली मी, पण रेझिन सुकवायला त्यात हार्डनर किती घालायचा ते हवा बघून सांगायची. पावसात जास्त, मे महिन्यात कमी. काचेची कूस अंगाला लागली की चार दिवस खाज जायची नाही. तेवढं सोडलं तर काम मला आवडायचं.

कोकण रेल्वेच्या गाड्या वीरला थांबायला लागून वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा मामांना झटका आला. शेडमध्येच. डावी बाजू गेली. मुंबईला नेलं, परत आणलं, तेल झालं, मालिश झालं. पुढे काठी घेऊन पाच-सात पावलं टाकायला लागले. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. माणूस अंगानं मोठा. मला एकटीला ते उचलणं शक्यच नव्हतं.

सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचं त्यांना वेड. थंडीत रविवार आला की कुंडात गळ्यापर्यंत बसून यायचे आणि दुपारभर घोरायचे. मग सगळे म्हणायला लागले, न्या की सवला, लकव्याला ते पाणी चांगलं. टेम्पोत खुर्ची ठेवून नेलं. पण पाण्यात उतरायला पायऱ्या, त्याही बुळबुळीत. दोन माणसांनी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि मध्येच लुंगी सुटली. तिथं बायका होत्या, पोरं होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर चार शब्द सुनावता तरी आले असते. ह्यांनी डोळे मिटले ते टेम्पोत परत बसवेपर्यंत उघडले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "यापुढं मला कोणी उचलायचं नाय. आंघोळीला तर नायच."

"मग आंघोळ कशी करणार?"

"माझ्या पायांनी पाण्यात जाईन. नायतर राहू दे."

म्हटलं, दोन दिवसांचा राग आहे, जाईल. गेला नाही. आपल्या न्हाणीतला दगड खाली, पाट खाली, बसले तर उठवायला पुन्हा दोन माणसं. खुर्चीवर बसवून तांब्यानं पाणी घालू म्हटलं तर म्हणाले, गाडी धुतात तसं मला धुवू नको. मग मी ओल्या फडक्यानं पुसायची. चाळीस-पन्नास दिवस असे गेले. पुसण्यानं का अंग स्वच्छ होतं? वास यायला लागला. त्यांना तो आधी कळला, म्हणून ते कोणाला खोलीत येऊ देईनात. माझ्याशीही भिंतीकडे तोंड करून बोलायचे. मी पुसायची, फडकं पिळायची, वाळत टाकायची. शेजारीण म्हणाली, तू किती धीराची. धीर नव्हता गो तो. फडकं पिळत होते, एवढंच.

एक दिवस शेडवर गेले. दासगावचे मिस्त्री एका आडव्या टाकीच्या आत शिरून जोड घासत होते. मिस्त्री म्हणजे आपल्या शेडचे हात. सौदीत बारा वर्षं टाक्या करून परत आलेला माणूस. टाकीच्या बाजूला माणूस आतबाहेर करायला भोक असतं, त्याला मॅनहोल म्हणतात. त्यातून ते बाहेर आले. आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय. मी बघत राहिले.

"मिस्त्री, हे भोक जमिनीपर्यंत खाली आणलं आणि त्याला दार लावलं तर?"

"तर ॲसिड माझ्या पायावर येईल, वहिनी."

"ॲसिड नाही. गरम पाणी. आत हे बसतील."

मिस्त्रींनी हातावरची पूड झटकली. मग म्हणाले, "सौदीला एका शेखाच्या बंगल्यात टब बघितला होता. संगमरवरी. दार त्याला पण नव्हतं. शेखसाहेब बकरीसारखे चढून जायचे." आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

शिवणाची टेप घेऊन मी मामांची मापं घेतली. आधी सगळ्यात महत्त्वाचं, डावा पाय किती उचलतो. भिंतीला टेकवून उभं केलं, खडूनं खूण केली. चार बोटं. दमल्यावर तीन. म्हणजे दाराचा उंबरा अडीच बोटांपेक्षा उंच नको. गुडघ्याची उंची साडेसतरा इंच, तेवढ्यावर आतलं बसायचं ठिकाण. कंबर बघून दार बावीस इंच रुंद. कड्या उजव्या हाताला, कारण दार त्यांनी स्वतः लावायचं. हे सगळं कॅलेंडरच्या पाठीवर काढलं. मग बाजारपेठेतल्या दुकानातून फ्रिजचे पुठ्ठे आणले आणि मिस्त्रींना बोलावून बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याची टाकी उभी केली, दाराच्या जागी नुसती फट ठेवून. हे काठी टेकत आत गेले, बसले, उठले, बाहेर आले. पुन्हा गेले. कोणाचाही हात न लागता.

नेमकी त्याच दिवशी तुझी आई आली. दारातच थांबली.

"काय गो वहिनी, दादाला पेटीत घालून कुठं पाठवतेस?"

"न्हायला, वन्सं."

"बसून? साचलेल्या पाण्यात म्हशी बसतात. आपल्याकडं आंघोळ म्हणजे डोक्यावरून पाणी वाहून गेलं पायजे. आपलाच मळ घेऊन बसायचं त्याला काय आंघोळ म्हणतात?"

पुठ्ठ्याच्या आतून हे म्हणाले, "मग मी रेडा हाय. झालं समाधान?"

सगळे हसले. मिस्त्री खोकेपर्यंत हसले. किती दिवसांनी घरात कोणी हसत होतं. मीही हसले असणार.

टाकी करायला दीड महिना गेला. मिस्त्रींनी पहिलं दार केलं ते सवयीनं, चहूबाजूंनी आठ बोल्ट.

मी म्हटलं, "आठ बोल्ट आवळून माणसाला आत कोंडायचं का?"

"वहिनी, थेंब गळणार नाय."

"माणूस गुदमरेल त्याचं काय?"

बोल्ट गेले. मग दार आत उघडणारं केलं. त्यात शहाणपण होतं, पाण्याच्या दाबानंच ते घट्ट बसतं. पण मामा आत बसले आणि दार त्यांच्या डाव्या गुडघ्याला अडलं. तो पाय चटकन दुमडता येत नव्हता. पुठ्ठ्याला नुसती फट होती, म्हणून हे आधी ध्यानात आलं नाही. मग बाहेर उघडणारं दार केलं. त्याला जीपच्या दाराचं रबर लावलं, आणि टेम्पोच्या फाळक्याला असतात तशा दोन कड्या. खालचा कोपरा तीनदा गळला. चौथ्यांदा राहिला. काठावर मी स्वतः हात फिरवून बघितला, कुठं कूस टोचते का ते. त्यांच्या डाव्या अंगाला टोचलं तरी कळलं नसतं.

न्हाणीची एक भिंत पाडून टाकी बसवली. मागल्या दारी चुलाणावर पिंप तापवून पाइपनं पाणी आणलं. पहिल्या दिवशी हे आपल्या पायांनी आत गेले. बसले. कड्या लावल्या, एक, मग दुसरी. मी पाणी सोडलं, दर थोड्या वेळानं कोपर घालून बघत होते, कारण डाव्या बाजूला चटका बसला तरी ते सांगू शकले नसते. पाणी पोटापर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. त्यांनी मान मागं टेकवली.

मग पाणी बाहेर सोडायची वेळ झाली आणि आमची चूक कळली.

टाकीवाल्यांची जन्माची खोड बघ. टाकीला खाली भोक ठेवायचं ते शक्य तेवढं लहान. जेवढं भोक लहान तेवढी गळती कमी, टाकीवाल्याचा मान त्यात. मिस्त्रींनी पाऊण इंची व्हॉल्व्ह लावला होता, आणि मीही तो बघून चांगला आहे म्हटलं होतं. पण पाणी जाईपर्यंत दार उघडता येत नाही, आणि आत माणूस बसलेला. पाणी छातीवरून पोटावर यायलाच किती वेळ लागला. मग मांड्यांवर. पाणी निवत चाललेलं, माणूस ओला, उघडा. उजव्या हातावर काटा आला होता, डाव्यावर नव्हता. मी खांद्यावर पंचा टाकला, तो भिजला, दुसरा टाकला. दात वाजायला लागले. उचलून बाहेर काढलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मिस्त्री दाराबाहेर उभे होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, आत येऊ?"

हे आतून म्हणाले, "नाय."

बसून राहिले. घोट्याखाली पाणी गेल्यावर स्वतः कड्या काढल्या. पलंगावर आले आणि हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुम्ही टाकी केलीत. पाणी धरून ठेवायची. मला सोडणारी पायजे."

पाच दिवस ताप होता. मला वाटलं, आता परत त्यात पाय ठेवणार नाहीत. मिस्त्रींनी तीन इंची भोक पाडलं. पाडताना म्हणाले, टाकीला एवढं भोक पाडल्याचं कोणाला सांगू नका, दासगावात तोंड दाखवायला जागा राहणार नाय. बाहेर मोठा पाइप जोडून पाणी मागच्या केळींत सोडलं.

सहाव्या दिवशी ह्यांनी काठी मागितली. गेले. बसले. न्हाऊन झाल्यावर पाणी बाहेर सोडलं तसं ते घों घों करत गेलं, पाच मिनिटांत पाय मोकळे. दार उघडायच्या आधी त्यांनी तांब्या मागितला आणि स्वच्छ गरम पाणी स्वतःच्या हातानं डोक्यावरून घेतलं. दोन तांबे. ताप कळल्यावर तुझी आई आली होती, ती न्हाणीच्या दाराशीच उभी होती. म्हणाली, "आता झाली आंघोळ."

त्या दिवसापासून खोलीचं दार उघडं राहायला लागलं. लोक येऊन पलंगावर टेकायचे. लोक मला म्हणायचे, किती आनंद झाला असेल तुला. मी हो म्हणायची. पण मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी दोन पंचे वाळत घातले आणि कुकर लावला. बाई, काय वाटायला हवं होतं ते मी कितीदा शोधलं.

दोन हिवाळे ते त्या टाकीत बसले. नाते गावचे एक मास्तर आईसाठी तशीच करून घ्यायला यायचे, तेव्हा हेच पलंगावरून त्यांना सांगायचे, टाकीचं माप नंतर घ्या, आधी आईचा पाय किती उचलतो ते बघा. मास्तर लिहून घ्यायचे. ह्यांना बरं वाटायचं.

मग दुसरा झटका आला. सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे गेलेलेच होते.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. रीत असते ती. भावकीतले चौघे अंगणात आले, पाट मांडला, पाणी तापवलं. शेवटची आंघोळ. ते पलंगाजवळ गेले आणि काखेत हात घालायला वाकले, तेव्हा तुझी आई मध्ये आली.

"उचलू नका रे त्याला. त्याला आवडत नाय."

चौघे थांबले. त्यातला एक माझ्याकडं बघायला लागला. तुझी आई तिथंच उभी होती, दोन्ही हात पुढं करून. शेवटी मीच तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि त्यांना म्हटलं, घ्या. त्यांनी उचललं. अंगणात नेलं, पाटावर ठेवलं, डोक्यावरून पाणी घातलं. मी ओसरीवरून बघितलं. रडले नाही. पाणी अंगणातून गटाराकडे चाललं होतं, ते किती वेगानं चाललंय ते मी बघत होते.

त्यानंतर तुझी आई तेराव्याला आली आणि मग आली नाही. भांडण नाही आमचं. निरोप येतात, पापड येतात. पण तिला हात धरून बाजूला मी केलं, आणि घ्या मी म्हटलं. तिच्या मनात ते असेल किंवा नसेल. मीही पोलादपूरला गेले नाही. जायला काय, तासाभराची एसटी. निघायचं ठरवते आणि मग शेडवर जाते. मिस्त्री आता कमी येतात, पण दाराच्या टाक्या अजून अधूनमधून होतात.

तू उद्या जाशील ना परत? तर तिला सांग, वहिनीनं बोलावलंय. कारण विचारलं तर कारण नाही म्हण. ती नको म्हणेल, तरी घेऊन ये. बोलायला काही नसलं तरी चालेल, मागल्या दारी बसू, चहा घेऊ. चार दिवस राहायचं म्हणून कपडे घेऊन ये म्हणावं. लवकर या गो, फार लांबवू नका.